नंबर नको, चौराहा सांग

खोली टोंक फाटकाच्या आसपास घेतलीस ते बरं केलंस. भाडं थोडं चढं आहे, असू दे. जयपुरात घर बघताना लोक विचारतात पाणी किती वेळ येतं, गाडी लावायला जागा आहे का. बसनं जा-ये करणाऱ्यानं आधी रस्ता विचारावा. टोंक रोड, सीकर रोड, अजमेर रोड, आग्रा रोड, दिल्ली रोड असे मोठे रस्ते शहरातून बाहेर पडतात आणि बस मिळते ती मुख्यतः याच रस्त्यांवर. जगतपुऱ्याच्या नाहीतर वैशालीनगरच्या मागच्या नव्या कॉलन्यांत खोल्या स्वस्त आणि हवेशीर मिळतात खऱ्या, पण तिथून मुख्य रस्ता गाठायलाच रोज दोनदा ई-रिक्षा, आणि रात्री रिक्षावाला म्हणेल तो भाव. ते पैसे भाड्यात धरले की स्वस्ताई संपली.

आता ऐक. तू पुण्यात वाढलीस, तुला बसचा नंबर पाठ करायची सवय. इथं ती थोडी बाजूला ठेव. नंबर आहेत. लो-फ्लोर बसवर 3ए, एसी-1 असं लिहिलेलंही असतं. पण मार्ग अधूनमधून बदलतात, आणि खाजगी मिनीबसच्या बाबतीत तर कंडक्टरच्या तोंडची आरोळी हाच खरा बोर्ड. "टोंक फाटक, दुर्गापुरा, सांगानेर, सीतापुरा" असं एका दमात ओरडत तो दारात लटकलेला असतो. तेव्हा नंबर नको, चौराहा सांग. आणि तुझं ऑफिस सीतापुऱ्यात म्हणून "सीतापुरा?" एवढंच विचारून चढू नकोस. "टोंक रोड से जाएगी?" हेही विचार. वाटेतल्या सांगानेरला टोंक रोडनं जाता येतं, मालवीयनगरकडून जाता येतं आणि मानसरोवरच्या बाजूनं न्यू सांगानेर रोडनंही जाता येतं. पोचशील तिन्हीकडून, पण नको त्या बाजूची बस धरलीस तर ऑफिसला हजेरीची वेळ टळेल.

इथले थांबे लक्षात ठेवायचे तर कागदावरची नावं विसर. सरकारी पाटीवर काहीही असो, लोकांच्या तोंडी फाटक, मोड, पुलिया आणि सर्कल हेच पत्ते. टोंक फाटक म्हटलं की तुझा थांबा. गोपालपुरा मोड, चौमू पुलिया, रामबाग सर्कल, नारायणसिंह सर्कल, गुर्जर की थडी, 200 फीट बायपास. जवाहरलाल नेहरू मार्ग म्हणालीस तर समोरचा क्षणभर विचारात पडेल, जेएलएन म्हण. सवाई मानसिंह रुग्णालयाला एसएमएस, मालवीयनगरच्या गौरव टॉवरला जीटी. तुझ्या मार्गावरचे थांबे क्रमानं पाठ असू देत: टोंक फाटकाकडून दक्षिणेला निघालीस की गोपालपुरा मोड, दुर्गापुरा, बी-टू बायपास, सांगानेर, मग प्रतापनगर आणि सीतापुरा. उलट दिशेला रामबाग, नारायणसिंह सर्कल, अजमेरी गेट. एवढं पाठ असलं की बसमध्ये कोणाला काही विचारावं लागत नाही, आणि न विचारणाऱ्या मुलीकडे कोणी टक लावून बघतही नाही.

कुठल्या बाजूला बसायचं, हे तुला कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. टोंक रोड साधारण उत्तर-दक्षिण. तू सकाळी दक्षिणेला जाणार, तेव्हा पूर्व तुझ्या डाव्या हाताला आणि ऊनही डावीकडूनच. संध्याकाळी उत्तरेला परतशील तेव्हा पश्चिम डाव्या हाताला, म्हणजे पुन्हा ऊन डावीकडून. तेव्हा तू जाताना आणि येताना उजवीकडची खिडकी धर. सांगानेरहून शहरात नोकरीला येणाऱ्यांचं बरोबर उलट, त्यांनी दोन्ही वेळा डावीकडे बसावं. मे महिन्यात पारा 44-45 वर जातो तेव्हा डावं-उजवं हा किरकोळ फरक राहत नाही. तापलेल्या पत्र्याला दंड लागला की कळतं. एसी बस मिळाली तर प्रश्नच नाही, पण एसीची वाट बघत उन्हात उभं राहण्यापेक्षा साधी बस धरून सावलीत बसणं शहाणपणाचं.

उन्हाळ्याचं आणखी थोडं. ओढणी डोक्यावरून नाकापर्यंत घेतलेल्या बायका बघून हसू नकोस, पहिल्याच लूमध्ये तूही घेशील. थांब्याजवळ लोकांनी प्याऊ लावलेले असतात, माठातलं थंड पाणी, कोणी पैसे मागत नाही. तरी बाटली जवळ ठेव. मे-जूनमध्ये दुपारनंतर अचानक पिवळं आभाळ झालं तर आंधी येतेय समज. तेव्हा जाहिरातीच्या मोठ्या फलकाखाली किंवा झाडाखाली उभी राहू नकोस, एखाद्या दुकानाच्या आत जा. पावसाळा इथं थोडक्यात आटपतो, पण जेव्हा पडतो तेव्हा तासाभरात सीकर रोड आणि जुन्या शहराचे सखल भाग पाण्यात जातात. तसं झालं की बसची वाट बघू नकोस, ऑफिसातच तासभर थांब.

गाड्यांचे प्रकारही ओळखून ठेव. लो-फ्लोर बस चालवते जेसीटीएसएल, म्हणजे जयपूर सिटी ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस लिमिटेड, ही शहराची सरकारी कंपनी. या बसमध्ये मशीनचं तिकीट मिळतं. ते मागून घे आणि उतरेपर्यंत हातात ठेव, तपासनीस चढला की पर्स उपसायची वेळ येऊ नये. मिनीबस खाजगी मालकांच्या. त्या भरल्याशिवाय हलत नाहीत आणि भरल्यावरही प्रत्येक मोडावर थांबतात. घाई असेल तर अर्धी रिकामी मिनीबस बघून खूश होऊ नकोस, उभे प्रवासी असलेली धर, ती आधी सुटेल. मॅजिक नावाच्या छोट्या व्हॅन आणि ई-रिक्षा या शेवटच्या टप्प्यासाठी. ई-रिक्षात बसायच्या आधी "सवारी" का "पूरी" ते विचार. सवारी म्हणजे माणशी भाडं, पूरी म्हणजे अख्खी रिक्षा तुझी आणि भाडंही अख्खं. दहा-वीसच्या नोटा नेहमी वेगळ्या कप्प्यात ठेव. फोनवरून पैसे देता येतात हे मलाही माहीत आहे, पण चालत्या मिनीबसमध्ये एका हातानं दांडा धरून दुसऱ्या हातानं कोड स्कॅन करून दाखव, मग बोलू.

कंडक्टरला "भाईसाब" म्हण. वयस्कर बाईला "माताजी" किंवा "आंटीजी". आपल्याकडचं "ओ दादा, थांबा जरा" इथं उद्धट वाटत नाही, पण कोणाला कळतही नाही. बायकांच्या जागेवर पुरुष बसलेला असेल तर भांडायला जाऊ नकोस. "भाईसाब, लेडीज सीट है" एवढं नुसतं शांतपणे म्हण, बहुतेक जण उठतात. उठला नाही तर कंडक्टरला सांग, आणि तेही मोठ्यानं, म्हणजे चार माताजी तुझ्या बाजूनं बोलायला लागतात. राजस्थानी बायका बसमध्ये गप्प बसत नाहीत, हे या शहराचं मला फार आवडतं. रात्री उशिरा जवळपास रिकामी बस आली तर ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर बस, शेवटच्या नाही. 112 फोनमध्ये वर ठेव.

परकोट्यात, म्हणजे भिंतीच्या आतल्या जुन्या शहरात, तू रविवारी फिरायला जाशीलच. तिथं रस्ता चुकणं खरं तर अवघड आहे. सवाई जयसिंहांनी 1727 मध्ये हे शहर वसवलं ते विद्याधर भट्टाचार्यांच्या आखणीवर, सरळ रस्ते आणि काटकोनातले चौक. मधला मोठा रस्ता पूर्व-पश्चिम. पश्चिमेला चांदपोल, पूर्वेला सूरजपोल. चंद्र मावळतीला, सूर्य उगवतीला, एवढं लक्षात ठेवलंस की दिशा चुकणार नाही. पश्चिमेकडून येताना पहिली छोटी चौपड, मग बडी चौपड, मग रामगंज. छोट्या चौपडीवरून दक्षिणेला किशनपोल बाजार, तो अजमेरी गेटला निघतो. बड्या चौपडीवरून दक्षिणेला जौहरी बाजार, तो सांगानेरी गेटला निघतो. रामगंजवरून दक्षिणेला गेलीस तर घाट गेट. म्हणजे दक्षिणेकडच्या दरवाजांपैकी कुठल्याही एका दरवाजातून बाहेर आलीस की तुझ्या बाजूची बस मिळते. बड्या चौपडीवरून उत्तरेला हवामहलसमोरून जाणारा रस्ता जोरावरसिंह गेटातून जलमहल आणि पुढे आमेरला जातो. आमेर बघायला पाहुणे आले की तू त्यांना टॅक्सीत बसवू नकोस. बडी चौपड किंवा अजमेरी गेटवरून आमेरची बस मिळते; दिल्ली रोडवर कूकसकडे जाणारी बसही आमेरवरूनच जाते. किल्ल्याच्या पायथ्याशी उतरवते. आणि हवामहल बसच्या खिडकीतून जेवढा नीट दिसतो तेवढा तिकीट काढून आत गेल्यावर दिसत नाही, कारण तो मुळात रस्त्यावरून बघायचाच आहे.

परकोट्यात मिनीबस मुंगीच्या पावलांनी सरकते, म्हणून तिथं मेट्रो. 3 जून 2015 ला मानसरोवर ते चांदपोल सुरू झाली आणि 23 सप्टेंबर 2020 ला जमिनीखालून बड्या चौपडीपर्यंत गेली. एकूण 11 स्थानकं, बस्स. सिंधी कॅम्प आणि रेल्वे स्टेशन यांना वेगवेगळी स्थानकं आहेत, चुकून एकाच्या जागी दुसऱ्यावर उतरू नकोस. तुझ्या टोंक रोडवर मात्र मेट्रो नाही. दुसरा टप्पा त्या बाजूनं न्यायचं ठरलं आहे, पण तोवर तुझा भरवसा बसवरच.

आमच्याकडे बनीपार्कला यायचं तर नारायणसिंह सर्कल, अजमेरी गेट करत चांदपोलला ये, तिथून पायी. मेट्रो वापरायच्या हौसेनं उलटी मानसरोवरला जाऊ नकोस.

आता बाहेरगावचं. राजस्थान रोडवेज म्हणजे आपल्या एसटीसारखंच महामंडळ. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे-नगर धावली, रोडवेजचं महामंडळ 1 ऑक्टोबर 1964 चं. मुख्य स्टँड सिंधी कॅम्प. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची छावणी तिथं होती, त्यावरून नाव. सगळे लोक सरळ सिंधी कॅम्पला धावतात आणि तिथून गाडी शहराच्या गर्दीतून रांगत बाहेर पडेपर्यंत तासभर घालवतात. तसं करू नकोस. ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या वेशीवर जाऊन चढ. आग्रा, दौसा, भरतपूरकडे जायचं तर ट्रान्सपोर्ट नगर. टोंक, कोट्याला जायचं तर दुर्गापुरा, तुझ्यापासून दोन थांबे. अजमेर, पुष्करसाठी 200 फीट बायपास. सीकर, खाटूश्यामजीसाठी चौमू पुलिया किंवा त्याच्याही पुढे रोड नंबर 14. फक्त एक: लांबचा रात्रीचा प्रवास असेल, किंवा जागा आरक्षित केलेली असेल, तर मात्र सिंधी कॅम्पवरूनच चढ. वेशीवर गाडी थांबेलच अशी खात्री देता येत नाही, आणि रात्री बायपासवर एकट्या मुलीनं उभं राहायचं काही कारण नाही. आई-बाबा मुंबई सेंट्रलच्या सुपरफास्टनं आले तर त्यांना जयपूर जंक्शनपर्यंत नेऊ नकोस. गाडी सवाई माधोपूरच्या बाजूनं येते, दुर्गापुऱ्याला थांबते. तिथं उतरवलंस तर घर जवळ.

सवलतीचंही सांगून ठेवते. आपल्याकडे एसटीत बायकांना अर्धं तिकीट 17 मार्च 2023 पासून. इकडे रोडवेजनं तीस टक्क्यांची सवलत पन्नासवर नेली ती त्याच वर्षी एप्रिलपासून. साध्या आणि एक्स्प्रेस गाड्यांत मिळते. एसी, व्हॉल्वोचं तिकीट काढताना विचारून घे. आणि सवलत राजस्थानच्या हद्दीपुरतीच. दिल्लीचं तिकीट काढलंस की हद्दीपुढचं भाडं पूर्ण पडतं, तेव्हा कंडक्टर फसवतोय असं समजून वाद घालू नकोस. तुझ्या आजीला इथं आणशील तेव्हा तिला सांग की महाराष्ट्रातलं पंचाहत्तरीचं मोफत कार्ड इकडे चालत नाही. ती ऐकणार नाही, कार्ड काढून दाखवेलच.

काही दिवस बसनं जाऊच नये, किंवा जायचं तर ठरवून जावं. रक्षाबंधनाला बायकांना रोडवेजचा प्रवास मोफत असतो. भावाकडे निघालेल्या बायका, डब्यात मिठाई, कडेवर मुलं, सिंधी कॅम्पला पाय ठेवायला जागा नसते. तुझा भाऊ पुण्याला आहे, राखी पोस्टानं पाठव आणि त्या दिवशी घरी बस. सरकारी भरतीच्या परीक्षांचे दिवस तर त्याहून वाईट. परीक्षार्थींना रोडवेज मोफत नेते, आणि राजस्थानात एकेका परीक्षेला लाखांनी मुलं बसतात. आदल्या संध्याकाळपासून स्टँडवर रात्र काढणारी मुलं दिसतात. वर्तमानपत्रात परीक्षेची तारीख आली की ती कॅलेंडरवर लिहून ठेव. फाल्गुनात खाटूश्यामजीची मोठी जत्रा, तेव्हा सीकर रोडकडे बघायचंच नाही. गणगौरीला आणि श्रावणातल्या तीजेला संध्याकाळी त्रिपोलियाकडून सवारी, म्हणजे मिरवणूक, निघते, दोन्ही सणांना दोन-दोन दिवस, तेव्हा परकोट्यातली वाहतूक वळवतात. सवारी मात्र बघ. दुपारीच मेट्रोनं छोट्या चौपडीला जा आणि परतीच्या गर्दीला सामोरं जायची तयारी ठेव. 14 जानेवारीला उलटं आहे: संक्रांतीला सगळं शहर गच्चीवर पतंग उडवतं, रस्त्यावर आडव्या आलेल्या मांज्यानं दुचाकीवाल्यांचे गळे कापतात. त्या दिवशी मैत्रिणीच्या स्कूटरवर मागे बसू नकोस. बस सगळ्यात सुरक्षित.

तुला वाटेल, एवढे डावपेच कशाला, साध्या बसप्रवासाला? कारण बस कमी आहेत. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाच्या निकषाप्रमाणे दर हजार लोकांमागे 0.6 बस असल्या तर सेवा चांगली म्हणायची. 2011 च्या जनगणनेत जयपूर महापालिकेची लोकसंख्या साडेतीस लाखांच्या जवळ होती. गुणाकार कर, अठराशेच्या वर बस हव्यात. शहर त्यानंतर चहूकडे फुगलं, आणि शहर कंपनीच्या बसचा ताफा कधी हजाराच्या जवळपासही पोचला नाही. बसकरता वेगळी मार्गिका म्हणून सीकर रोडवर बीआरटीएस बांधला, त्यात पुरेशा बसच सोडल्या नाहीत, मग लोकांनी आपल्या गाड्या घातल्या, आणि शेवटी कठडे काढून टाकायचा निर्णय झाला. माझ्या मते मार्गिका चुकीची नव्हती. बस न देता मार्गिका बांधणं चुकीचं होतं. 2023 च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं देशातल्या शहरांसाठी 10,000 ई-बसची योजना मंजूर केली. जयपूरच्या वाट्याला येतील त्या टोंक रोडवर धावतील तेव्हा खऱ्या.

तोवर एक काम तू कर. बस थांब्यावर न थांबता निघून गेली, थांब्याला छप्पर नाही, तिकीट दिलं नाही, असं काही झालं की मला फोनवर सांगून मोकळी होऊ नकोस. तारीख, वेळ, थांबा आणि गाडीच्या पाटीचा नंबर लिहून घे आणि राजस्थान संपर्कच्या 181 वर तक्रार नोंदव. तिचा क्रमांक मिळतो. तो जपून ठेव आणि आठवड्यानं पुन्हा फोन करून विचार.